न चाखता शिजवलेला मासा

कोलकात्याचा रमजान म्हटला की छायाचित्रांत दिसते ती नाखोदा मशिदीजवळची झकारिया स्ट्रीट. कबाबांचा धूर, हलीमचे हंडे, शेवयांचे ढीग. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. मुर्शिदाबाद, मालदा, बशीरहाट या भागांतल्या बंगाली बोलणाऱ्या मुसलमान घरांत रोजा सुटतो तो खजूर, पाणी, मुडी म्हणजे आपले चुरमुरे, शिजवलेले हरभरे आणि वांग्याची भजी यांवर. त्यानंतरचे जेवण मात्र शेजारच्या हिंदू घरात असते तेच. भात आणि मासा.

माशाचे प्रकार तिथे मोजता येणार नाहीत इतके. त्यातला रमजानच्या महिन्याला अगदी सोयीचा म्हणजे ‘भापा माछ’, वाफेवरचा मासा. तळण नाही, फोडणी नाही, चुलीपाशी उभे राहणे नाही. मोहरीच्या वाटणात माखलेले तुकडे झाकणाच्या डब्यात भरायचे आणि डबा वाफेला ठेवायचा. पूर्वी भात शिजत आला की हा डबा त्याच हंडीत खुपसून ठेवत. भात आणि मासा एकाच जाळावर तयार.

हिंदू घरातला आणि मुसलमान घरातला भापा माछ वेगळा ओळखता येत नाही. कोंबडी-बकऱ्याचे मांस हलाल पद्धतीने कापलेले आहे का, हे रोजेदार घराला पाहावे लागते. माशाला ती अट नाही. त्यामुळे शेजारच्या वहिनींनी दिलेला माशाचा डबा इफ्तारनंतर सरळ ताटात येतो, काही विचारावे लागत नाही.

या पदार्थाची खरी गंमत मात्र मिठात आहे. रस्सा करताना चाखून पाहता येते. कमी वाटले तर मीठ, जास्त वाटले तर चिंचेचा कोळ. भापा माशात एकदा झाकण लागले की संपले. उघडून ढवळले तर तुकडे मोडतात. म्हणजे सगळा अंदाज आधीच, कच्च्या वाटणावर. आणि इफ्तारच्या जेवणाचे हे वाटण होते दुपारी चार-पाच वाजता, करणाऱ्या बाईचा रोजा असताना. तिला तेही चाखता येत नाही. गरज पडली तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकण्याची मुभा आहे, असे आलिम सांगतात. पण पुष्कळ बायका तेही टाळतात. महिनाभर रोज, घरातल्या दहा जणांसाठी, न चाखता. या कौशल्याची वाहवा सहसा होत नाही. मीठ चुकले तरच आठवण निघते.

म्हणून या पदार्थात ‘चवीनुसार मीठ’ लिहून भागत नाही. अर्धा किलो माशाला सपाट एक चमचा. त्यातले अर्धे, पाव चमचा हळदीसह, तुकड्यांना चोळून दहा मिनिटे ठेवायचे, उरलेले वाटणात.

वाटणासाठी एक मोठा चमचा पिवळी मोहरी आणि एक मोठा चमचा काळी. नुसती काळी घेतली तर कडवट होण्याची भीती असते. दोन्ही अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, निथळून, चार हिरव्या मिरच्या आणि त्या अर्ध्या चमचा मिठासह वाटायची. मिक्सर सलग फिरवू नये. थांबत थांबत, नाहीतर वाटण तापते आणि कडू होते. त्यात एक मोठा चमचा भिजवलेली खसखस, दोन-तीन चमचे ओले खोबरे. मग दोन चमचे घोटलेले दही आणि तीन चमचे कच्चे मोहरीचे तेल. हे तेल महाराष्ट्रातल्या नाकाला सुरुवातीला उग्र वाटते, पण त्याऐवजी शेंगदाण्याचे घातले तर जे होईल ते काहीतरी दुसरेच होईल.

तुकडे माखून स्टीलच्या घट्ट डब्यात एका थरात लावायचे, वर चार मिरच्या चिरून आणि तेलाची एक धार. कुकरमध्ये डब्याच्या निम्म्यापर्यंत पाणी, शिट्टी काढलेली. पाणी उकळू लागल्यापासून पंधरा मिनिटे. हेच केळीच्या पानात पुड्या बांधून केले की ते ‘पातुरी’. मुंबईच्या पारशी लग्नांतली पात्रानी मच्छी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना पुडी ओळखीची वाटेल. आतून मात्र कोथिंबीर-खोबऱ्याच्या चटणीऐवजी मोहरीचा झटका.

मासा कोणता? बंगाली माणूस आधी इलिशचेच नाव घेईल. इलिश समुद्रातून नदीत चढतो तो पावसाळ्यात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१४ आणि २०१५ साली तो जून-जुलैत आला तेव्हा दोघांची गाठ पडली होती. आता तसा योग यायला बरीच वर्षे आहेत. शिवाय इलिश सहरीला नकोच. त्याचे काटे केसासारखे, बोटांनी एकेक वेचत खायचे, आणि फजरची अजान कोणासाठी थांबत नाही. सहरीला रोहू, कोळंबी किंवा भेटकी बरी. ही भेटकी म्हणजे दुसरे कोणी नाही, रायगडकरांचा जिताडा. पेण-अलिबागकडे जावयासाठी राखून ठेवला जाणारा मासा. जाड, पांढरा, काटे कमी. भापासाठी जणू नेमून दिलेला. सहरीसाठी करताना मात्र मोहरी निम्मी आणि दही-खोबरे वाढते ठेवावे. तिखट-खारट खाऊन झोपले की दुपारी घसा आठवण करून देतो.

तुकडे ताटात पडतात तेव्हा आणखी एक हिशेब असतो. पोटाकडचा तुकडा ‘पेटी’, चरबीचा आणि मऊ. पाठीकडचा ‘गादा’, काट्यांचा. पेटी पाहुण्याला, घरातल्या कर्त्याला, मुलांना. शेपटीकडचा तुकडा बहुधा जिने मासा शिजवला तिच्या ताटात येतो, आणि तो ती स्वतःच वाढून घेते. रोजा तिचाही सर्वांइतकाच लांब असतो. वाफेवर शिजवण्याचा एक फायदा इथे होऊ शकतो: डबा आपोआप शिजत असतो, तेव्हा अजानच्या वेळी ती चुलीपाशी नसून खजूर हातात घेऊन सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसलेली असू शकते. काही घरांत तसे घडतेही.

मगरिबची नमाज झाली की डबा उघडतात. तोंड जरा लांब ठेवावे. मोहरीची पहिली वाफ डोळ्यांत पाणी आणते. वर पिवळे तेल तरंगत असते. ते गरम भातावर आधी ओतून घ्यायचे, मासा नंतर. पहिला घास घेऊन कोणीतरी मिठाबद्दल बोलणारच. कमी असेल तर बंगाली ताटात एका कडेला चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि हिरवी मिरची आधीपासून वाढलेली असतेच.