हीम: असून अडचण, नसून खोळंबा

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा बघतो. त्यातलं ‘हीम’ कुणाच्या खिजगणतीतही नसतं. खरी करामत मात्र त्याचीच. चार छोट्या कड्या जोडून झालेलं एक मोठं कडं, त्याच्या मधोमध लोहाचा एकच अणू. ऑक्सिजन धरतो तो हाच अणू. एका तांबड्या पेशीत अशी एक अब्जाहून जास्त हीम असतात! पण हेच हीम प्रथिनातून सुटून मोकळं फिरू लागलं, की पेशीच्या आवरणांची नासधूस करतं. म्हणून ते बनवायचं, हलवायचं आणि मोडायचं काम पेशी डोळ्यांत तेल घालून करते.

आठ टप्पे, दोन ठिकाणं
हीम तयार होण्याचा पहिला टप्पा मायटोकॉण्ड्रियात होतो, पुढचे चार बाहेर, शेवटचे तीन पुन्हा आत. लोह बसतं ते अगदी शेवटी. शिसं पोटात गेलं तर नेमका दुसरा आणि आठवा टप्पा अडतो. मग लोहाच्या जागी जस्त जाऊन बसतं आणि रक्तात असं जस्तवालं कडं वाढलं की डॉक्टरांना शिशाच्या बाधेचा संशय येतो.

स्वतःवरच प्रयोग
हीम कशापासून बनतं हे शोधायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड शेमिन यांनी ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतःच खाल्लं. साधं नव्हे, जड नायट्रोजनची खूण असलेलं. मग वेळोवेळी स्वतःचं रक्त काढून हीममध्ये ती खूण किती उतरली हे तपासत राहिले. खूण चढली, बरेच दिवस टिकून राहिली आणि मग उतरली. एका दगडात दोन पक्षी: हीममधला नायट्रोजन ग्लायसिनमधून येतो हे कळलं, शिवाय तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते हेही. १९४६ मध्ये हे छापून आलं. मला तरी विसाव्या शतकातल्या देखण्या प्रयोगांत याचं स्थान फार वरचं वाटतं.

लगाम कुणाच्या हाती?
यकृतात खुद्द हीमच्याच. पुरेसं झालं की ते पहिल्या टप्प्याला आवर घालतं. अस्थिमज्जेत हिशेब वेगळा: लोह हाताशी असेल तरच काम जोरात चालतं आणि हीम कमी पडलं तर ग्लोबिन बनवणंही थोपवलं जातं. पॉर्फिरिया या आनुवंशिक आजारांत मधला एखादा टप्पा लंगडा असतो, त्यामुळे अर्धवट माल साचत जातो. त्यातल्या काही प्रकारांत कडक उपासानं पोटदुखीचा भयंकर झटका येऊ शकतो, कारण उपाशी यकृत पहिला टप्पा वाढवतं. त्यावर ग्लुकोज देतात आणि गरज पडली तर शिरेतून चक्क हीम. बाहेरून आलेलं हीम बघून यकृत आपलं काम आवरतं घेतं.

गावरान अंड्याचा तपकिरी रंग? लोह बसण्याआधीचं हेच कडं! कोंबडी ते कवचावर चढवते. अतिनील दिव्याखाली असं अंडं लालसर चमकतं.

मार लागला की रंगपंचमी
मुका मार लागून काळानिळा झालेला डाग पुढे हिरवट आणि मग पिवळा पडतो. तिथं सांडलेलं हीम मोडत असतं: हिरवं बिलिव्हर्डिन, त्यातून पिवळं बिलिरुबिन. मोडताना दर हीममागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो आणि श्वासावाटे बाहेर जातो. बाळाच्या काविळीतलं पिवळेपण याच बिलिरुबिनचं. लोह मात्र शरीर सोडत नाही. प्लीहेतल्या भक्षक पेशी म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळवतात. अन्नातून येतं जेमतेम १ ते २.

जंत, उंदीर आणि हिवताप
सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर जंत हीम बनवूच शकत नाही, बाहेरून घेतो. म्हणूनच हीमची ने-आण शोधायला तो नामी ठरला. २००८ मध्ये त्याच्यात एचआरजी-१ हा वाहक सापडला. आपल्या भक्षक पेशींतही तो आहे: गिळलेल्या पेशीतलं हीम तोच बाहेर काढतो. २०१९ मध्ये हा वाहक नसलेल्या उंदरांवर संशोधन झालं, तेव्हा त्यांच्या भक्षक पेशींत हीमचे काळपट स्फटिक साचलेले दिसले. असे स्फटिक तोवर रक्तपिपासू जिवांचीच खासियत समजली जात.

हिवतापाचा परजीवी तेच करतो. हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या घातक हीमचे स्फटिक करून ठेवतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत जे काळे कण दिसले, ते हेच. क्लोरोक्विन हे स्फटिक बनू देत नाही आणि परजीवी हीमच्याच विषानं मरतो. गंमत म्हणजे एवढं आयतं हीम असूनही तो स्वतःचं वेगळं बनवतो! नमिता सुरोलिया आणि जी. पद्मनाभन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९९२ मध्ये हे दाखवलं. का बनवतो, याचं उत्तर पुढे मिळालं: रक्तात त्याचं आपल्या हीमवर भागतं, पण डासात आणि यकृतात असताना घरचं हीम नसेल तर त्याची वाढच होत नाही.