तेवीस सेंटिमीटरचा पहारा

वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईकरांना ठाऊक असते. १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थेचं एक केंद्र कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये आहे, हे मात्र इकडे फारसं कुणाला माहीत नसतं. राज्याराज्यांच्या मत्स्य खात्यांतले सेवेतले अधिकारी तिथे गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायाचं शिक्षण घेतात. शहराच्या उत्तरेला बराकपूरला, हुगळीकाठी, केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था आहे. ती १९४७ मध्ये कलकत्त्यातच सुरू झाली. बेकायदा मासेमारी रोखणाऱ्या माणसाला गस्तीच्या बोटीआधी जे ज्ञान लागतं, त्याचा मोठा साठा या दोन ठिकाणी आहे.

बंगालमध्ये त्या ज्ञानाची परीक्षा घेतो तो इलिश, म्हणजे आपला पाला. समुद्रात वाढणारा हा मासा अंडी घालायला नदीत चढतो. पूर्वी तो गंगेतून अलाहाबादच्याही पुढे जायचा. १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि वाट अडली. आता बराकपूरचे शास्त्रज्ञ बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला इलिश सोडतात, काहींना खुणेचा बिल्ला लावून. पण खालच्या अंगाला समुद्राकडे परतणारी पिल्लं बारीक जाळ्यांत सापडतात आणि ‘खोका इलिश’ म्हणून बाजारात येतात.

पश्चिम बंगाल सरकारने तेवीस सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला, न्यायला आणि विकायला बंदी केली आहे. ९० मिलिमीटरपेक्षा बारीक आसाची इलिशची जाळीही चालत नाहीत. कागदावर नियम सोपा वाटतो, धक्क्यावर तो वादाचा होतो. आस, म्हणजे जाळ्याच्या घराचं माप, मोजायचा तर जाळं ओलं हवं, घर ताणलेलं हवं आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं आतलं अंतर धरायला हवं. एकच घर मोजून भागत नाही. ओळीने बरीच घरं मोजून सरासरी काढावी लागते, नाहीतर नाखवा बरोबर तेवढं एक घर फाटून सैल झालं होतं म्हणतो. मासा मोजताना त्याचं तोंड मिटून फळीला टेकवायचं आणि शेपटीच्या टोकापर्यंतचं माप घ्यायचं. बर्फात वाकडा झालेला मासा आधी सरळ करावा लागतो.

त्यातही एक मेख आहे. इलिशसारखाच दिसणारा चंदना इलिश ही वेगळी जात आहे. दोघांत फरक करायचा तर कल्ला उघडून आतल्या कंगव्यासारख्या दातऱ्या बघाव्या लागतात. खालच्या कमानीवर त्या इलिशला शंभराच्या वर असतात, चंदनाला शंभराच्या आत. हे ज्याला येत नाही, त्याचा पंचनामा पहिल्याच हरकतीला कोसळतो. म्हणून मला गस्तीइतकंच हे शिक्षण मोलाचं वाटतं.

पुढे हद्दीचा प्रश्न येतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो. पश्चिम बंगालचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९९३ चा आहे. त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत पहारा तटरक्षक दलाचा, आणि त्यांच्या ईशान्य विभागाचं मुख्यालयही कोलकात्यातच आहे. बोट नेमकी कुठे होती, हे उपग्रहाच्या नोंदीतून दाखवता आलं नाही, तर कुणाचा कायदा लावायचा हेच ठरत नाही. शिवाय मासा नाशवंत, तो पुरावा म्हणून कोठडीत ठेवता येत नाही. माप, फोटो, वेळ, जागा, साक्षीदार, सगळं तिथल्या तिथे उरकावं लागतं.

जगभर या कामात तीन गोष्टी धरतात: बेकायदा मासेमारी, न नोंदवलेली मासेमारी आणि जिला नियमच नाहीत अशी मासेमारी. या तिन्हींवरचा पहिला आंतरराष्ट्रीय कृती आराखडा २००१ मध्ये अन्न व कृषी संघटनेने केला. बंदरातच संशयित परदेशी बोटी अडवण्याचा करार ५ जून २०१६ पासून लागू झाला. त्यामागचा विचार मला पटतो. खुल्या समुद्रात एकेका बोटीमागे धावण्यापेक्षा माल जिथे उतरतो तिथे तपासणं स्वस्त आणि न्यायाचं. बंगालात ती जागा म्हणजे दिघा मोहाना, नामखाना, काकद्वीप आणि डायमंड हार्बरचा नगेंद्र बाजार. होडीवरच्या गरिबाला दंड करून बारीक आसाचं जाळं विकणारा आणि खोका इलिशच्या पेट्या उचलणारा व्यापारी मोकळा सुटत असेल, तर पहारा फसला असंच म्हणायला हवं.

पाण्याला सीमा नसते, त्यामुळे पलीकडचं वेळापत्रकही पाहावं लागतं. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मासेमारीला बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. बांगलादेशची मात्र २० मे ते २३ जुलै असायची. म्हणजे तिथल्या नौका बांधलेल्या असताना आपल्या नौका पाण्यात. तिथल्या कोळ्यांची ही तक्रार जुनी होती. २०२५ पासून बांगलादेशने बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी आणली आणि दोन्ही बाजूंचं वेळापत्रक जवळपास जुळलं.

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. २०२१ च्या दुरुस्तीने मासेमारी कायद्याखालची प्रकरणं तहसीलदारांकडून काढून मत्स्य खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे दिली गेली. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली. चंदेरी पापलेटची १३५ मिलिमीटर आहे. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याला आता यातली प्रत्येक जात ओळखून फळीवर मोजता यायला हवी, आणि निकाल देताना समोरच्या कोळ्याला ते माप पटवताही यायला हवं.