विश्लेषण : कारला ‘एअर इनटेक’ बसवताय? नागपूरच्या उन्हात पाइप अ‍ॅल्युमिनियमचा, कार्बन फायबरचा की प्लास्टिकचा?

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. उन्हाळ्यात ४५ अंश तर नागपूरकरांना नवे नाहीत. अशा शहरात कारची ताकद वाढवण्यासाठी अनेक हौशी चालक मूळ एअर फिल्टरचा डबा काढून बाजारातला ‘एअर इनटेक’ बसवतात. मग पाइप कोणत्या साहित्याचा घ्यावा, असा प्रश्न पडतो. मात्र पाइप कशाचा आहे, यापेक्षा तो हवा कुठून ओढतो हे जास्त महत्त्वाचे असते. ते का?

उष्णतेचा ताकदीशी संबंध काय?

इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो आणि हवा तापली की ती विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवरच्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी असते. बॉनेटखालची ६५ अंशांची हवा आत गेली, तर ही घट १२ टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय हवा फार गरम असेल, तर नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो. त्यामुळे ताकद आणखी घटते.

कोणते साहित्य किती तापते?

अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता प्लास्टिकच्या शेकडो पट सहज वाहते. स्टेनलेस स्टील त्या मानाने उष्णता कमी वाहून नेते, पण वजनाने अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट असते. कार्बन फायबर कंपोझिट हलके आणि मजबूत असते. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ विमानासाठी कंपोझिटचे फ्लोअर बीम तयार झाले, ते याच गुणांमुळे. त्याच्या जाडीतून उष्णता कमी झिरपते, पण किंमत खिशाला जड जाते. उष्णता अडवण्यात साधे प्लास्टिकही मागे नाही. बहुतेक कंपन्या मूळ पाइप प्लास्टिकचाच देतात, त्यामागे स्वस्ताईइतकेच हेही कारण आहे.

मग अ‍ॅल्युमिनियम बाद?

तसे नाही. दीड लिटरचे इंजिन ६,००० आरपीएमवर असताना सेकंदाला सुमारे ७५ लिटर हवा ओढते. ७० मिलिमीटर व्यासाचा अर्धा मीटर पाइप ही हवा सेकंदाच्या ४० व्या हिश्श्यात पार करते. एवढ्या वेळात ती फारशी तापत नाही. म्हणजे समृद्धी महामार्गावर अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फायबरमधला फरक जवळपास जाणवणारच नाही. सीताबर्डीच्या गर्दीत मात्र गाडी उभी असते, इंजिन कमी हवा ओढते आणि ती पाइपमध्ये रेंगाळते. अशा वेळी धातूचा पाइप तापतो आणि सिग्नल सुटल्यावर पहिल्या काही क्षणांत गाडी सुस्त वाटते.

टर्बो कारमध्ये हवा टर्बोच्या दाबानेच तापते आणि पुढे इंटरकूलर ती थंड करतो. त्यामुळे टर्बोच्या आधीच्या पाइपचे साहित्य आणखी दुय्यम ठरते. टर्बोनंतरच्या पाइपला मात्र दाब आणि उष्णता दोन्ही सोसावे लागतात. तिथे धातूचा पाइप किंवा आतून कापडाचे थर असलेला सिलिकॉन होजच हवा.

खरी चूक कुठे होते?

बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवण्यात. आवाज दमदार येतो, पण इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढत राहते. तिथे कार्बन फायबरचा पाइपही उपयोगाचा नाही. उष्णतारोधक बंद डबा आणि थेट बाहेरून येणारी हवा हवीच.

दुसरी चूक म्हणजे थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या तळाशी नेणे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात खाली असलेला फिल्टर पाणी ओढू शकतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते.

धुळीचाही विचार हवा. तेल लावलेला कॉटन फिल्टर वेळेवर धुवावा लागतो. तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर मर्यादा आहेत. कलम १८२अ (४) नुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनी वॉरंटीचा दावाही नाकारू शकते. त्यामुळे वॉरंटीची कागदपत्रे आधी वाचावीत आणि आरटीओत विचारणा करावी.

पैसे खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

ओबीडी स्कॅनर लावून ‘इनटेक एअर टेम्परेचर’ पाहावे. टर्बो नसलेल्या कारमध्ये महामार्गावर हा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनीच जास्त असेल, तर मूळ डबा आपले काम चोख करतो आहे. अशा वेळी नवा फिल्टर पुरेसा आहे. फरक २०-२५ अंशांचा असेल, तर आधी हवेचा मार्ग आणि डब्याची गळती तपासावी. पाइपच्या साहित्याचा विचार त्यानंतर.