एकतीस हजार टाके

घटस्थापना जवळ आली, दसरा काढायला घेतला की इस्लापूरच्या मुलखातल्या गोधड्या पाण्यावर निघतात. मराठवाड्याचं हे पूर्वेकडचं टोक, तालुका किनवट, जिल्हा नांदेड. सहस्रकुंडचा धबधबा इथून जवळ. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, आणि रेल्वेने पुढे गेलं की आदिलाबाद. मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू अशा सगळ्या बोलींची माणसं इथे शेजारी शेजारी राहतात. गोधडी, वाकळ सगळ्यांच्याच घरात असते. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट बाजूंनी पीळ देतात, मग ती दिवसभर उन्हात पडून राहते. तरीही ती उसवत नाही. ते का, हे तिची शिवण पाहिली की समजतं.

गोधडी उन्हाळ्यात बसते. कापसाची वेचणी उरकलेली, रानात काम नाही, आणि जमीन कोरडी. सारवलेल्या अंगणात आधी अस्तराचं लुगडं अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचं. त्यावर धोतर, जुनी लुगडी, फाटकी पोलकी यांचे चार-पाच थर. विरलेला भाग मधे, धड भाग वर. हाताने सुरकुत्या काढत लांब कच्चे टाके घातले की थर हलत नाहीत. मग खरी शिवण सुरू होते: काठापासून आत, ओळीला लागून ओळ. डावा हात कापडाखाली असतो; सुईचं टोक त्या बोटाला लागलं की टाका अस्तरापर्यंत पोचला असं समजायचं. त्या बोटाची कातडी कायमची खरबरीत होते.

या कामाचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद गोधडी घ्या. अर्ध्या इंचावर एक ओळ धरली तर १०८ ओळी, म्हणजे जवळजवळ २०० मीटर शिवण. पाव इंचाला एक टाका धरला तर टाके होतात ३१ हजारांवर. मिनिटाला दहा टाके पडले तरी ५२ तास लागतात. आठ तासांची मजुरी धरली तर साडेसहा दिवस! कापड जुळवणं, ठिगळं बसवणं, काठ दुमडणं यात आलेलंच नाही.

मायेची ऊब, आजीची आठवण असं आपण गोधडीबद्दल भरभरून बोलतो. ते खोटं नाही. पण त्या मायेखाली ५२ तासांचं कसबी काम झाकलं गेलं. जी बाई दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून देते, तिलाही ‘बसल्या बसल्या होतं की’ असंच ऐकवलं जातं.

पिंजाऱ्याचं काम वेगळं. तो रुई पिंजून लेप, गाद्या भरायचा. हा तर कापसाचाच जिल्हा: आधी गावरानी कापूस, १९८०च्या दशकात नांदेडच्या संशोधन केंद्रातलं ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण, २००२ नंतर बीटी. पिंजणाची जागा यंत्राने घेतली, गादीत फोम आला.

गोधडीला खरा मार बसला तो मात्र साडीचा. सुती नऊवारी धुवून धुवून मऊ व्हायची, घाम शोषायची, थरावर थर धरून राहायची. सिंथेटिक साडी विरत नाही, मऊ पडत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, आणि उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते. इस्लापूरच काय, सगळ्या मराठवाड्यात सुती लुगडं नेसणारी पिढी आता थोडी उरली आहे. तिच्याबरोबर गोधडीचा कच्चा मालच संपत चालला आहे.

बाहेर या कामाची कदर होते. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांच्या कवदी गोधड्या संग्राहक विकत घेतात. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आपल्या सरकारी यादीत मात्र गोधडीला जागा नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणारे आहेत, हार गुंफणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. गोधडी शिवणारी नाही, पिंजारीही नाही.

ही दोन्ही नावं यादीत यावीत, अशी मागणी मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी करायला हवी. आणि वाचकहो, यंदा कुणाकडून गोधडी शिवून घेणार असाल, तर सुती कापड द्या आणि पैसे साडेसहा दिवसांचे मोजा.