खांब किती जाड ठेवायचा?

भूमिगत कोळसाखाणीत किती कोळसा काढायचा, याआधी किती मागे सोडायचा ते ठरवावं लागतं. थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या खोदत जातात आणि मधले चौकोनी खांब राखतात. सगळं छत त्यांच्याच भरवशावर. खांब जाड ठेवला तर कोळसा अडकून पडतो; बारीक ठेवला तर माणसांच्या जिवावर बेततं.

२१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत शेकडो खांब एकापाठोपाठ चिरडले गेले आणि चारशेहून अधिक कामगार गाडले गेले. त्यानंतर सॅलॅमन आणि मन्रो या अभ्यासकांनी तिथल्या खाणींतली खांब टिकल्याची ९८ आणि कोसळल्याची २७ उदाहरणं तपासली आणि १९६७ मध्ये खांबाच्या ताकदीचं सूत्र मांडलं. आजही खाणीच्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते वापरलं जातं.

समजा, थर २०० मीटर खोल आहे, गॅलरी ५ मीटर रुंद आणि खांब २० मीटर लांब-रुंद, ३ मीटर उंच. शेजारच्या गॅलरीवरचा खडकही खांबालाच पेलावा लागत असल्यानं दर चौरस मीटरवर सुमारे ७८० टन भार येतो. सूत्रानुसार त्याची ताकद १,४०० टनांच्या आसपास, म्हणजे भाराच्या १.८ पट. सॅलॅमन यांनी १.६ पट पुरेशी मानली होती. आता छतालगतचा आणखी दीड मीटर कोळसा काढा. भार तेवढाच, पण खांब उंच झाला आणि गुणोत्तर १.४ च्याही खाली आलं! कोलब्रुकमध्येही असाच वरचा कोळसा काढला होता. आज हा धोका पडद्यावर क्षणात दिसतो. सॉफ्टवेअरचं हे मोल फार मोठं आहे.

पण आकडे भरतो तो माणूसच. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या क्रँडल कॅनियन खाणीत खांब फुटून सहा कामगार अडकले. त्यांना सोडवताना आणखी तिघांचा जीव गेला. त्या खाणीचा आराखडा संगणकावर तपासलेला होता. सरकारी चौकशीत मात्र कोळशाची ताकद वाजवीपेक्षा जास्त धरल्याचं निघालं. त्याच खाणीच्या दुसऱ्या भागात मार्चमध्येच खांब फुटले होते, तरी काम पुढे चालू राहिलं.

शिवाय प्रत्येक प्रदेशाचा कोळसा वेगळा. म्हणून धनबादच्या शास्त्रज्ञांनी भारतीय खाणींसाठी खोलीचाही विचार करणारं वेगळं सूत्र बसवलं. नागपूर-चंद्रपूरच्या भूमिगत खाणींतही खांबाच्या कडा ढलप्या टाकू लागल्या, छत खाली येऊ लागलं, तर ती मोजमापं त्याच आठवड्यात संगणकात जायला हवीत आणि नवं उत्तर येईपर्यंत तिथलं काम थांबायला हवं.