कालव्याची पुन्हा नदी

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेने कलांग नदी काँक्रीटच्या सरळसोट कालव्यातून वाहायची. २०१२ पर्यंत हा २.७ किलोमीटरचा कालवा फोडून तिथे ३.२ किलोमीटरची वळणदार नदी घडवली. काठ धरून ठेवतात ती झाडांची मुळं, फांद्यांच्या जुड्या आणि दगड. ही तंत्रं आधी एका छोट्या नाल्यावर आजमावली होती. मोठ्या पावसात पाणी हिरवळीवर पसरतं, वेग मंदावतो. पाणी वाढल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले की लोक वर सरकतात. एरवी तिथेच आसपासच्या वसाहतींतली मुलं पाण्यात खेळतात. पाणमांजरं तर न बोलावता आली! फोडलेल्या काँक्रीटची टेकडी रचली, ही युक्ती मला फार आवडली. मुंबईत २००५ च्या महापुरानंतर मिठी नदीला मिळाल्या त्या मात्र संरक्षक भिंती.