निवड सोडा, भाजी घ्या

गुरुवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर नाव टाकायचं: एक पिशवी किंवा अर्धी. गिलकी हवीत की दोडकी, हे सांगायचं नाही. शनिवारी सकाळी शेतकऱ्याचा छोटा हत्ती नंदुरबारच्या आमच्या कॉलनीतल्या ठरलेल्या ओट्यापाशी लागतो आणि त्या आठवड्यात शेतात जे निघालं, ते पिशवीत पडतं.

भाजी बाजारापेक्षा स्वस्त पडते. 'मधला दलाल गेला' असं लोक म्हणतात, पण ते अर्धंच खरं. मंडईत कॅरेट पाठवताना माल कोण घेणार, किती घेणार, हे शेतकऱ्याला ठाऊक नसतं. किरकोळ विक्रेत्यालाही नसतं. संध्याकाळी सुकलेली मेथी फेकावी लागते, तिची किंमत त्याने सकाळीच चांगल्या जुड्यांवर चढवलेली असते. इथे मागणी आधी आणि तोडणी नंतर, त्यामुळे फेकायला फारसं काही उरतच नाही.

गिलक्यांवरून हे नीट कळतं. पावसाळ्यात वेलाला एक दिवसाआड हात लावावाच लागतो. दोन-तीन दिवस जास्त राहिलं की गिलकं जून होतं, आत दोरे धरतात. सगळ्यांचा माल एकदम आला की मंडईत भाव असा पडतो की तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा वेळी शेतकऱ्याला भावापेक्षा खात्रीचं गिऱ्हाईक मोलाचं वाटतं.

ओट्यावरचं काम मात्र फुकट होत नाही, ते आपणच करायचं असतं. एक जण काट्यावर, एक जण यादीवर. टोमॅटो आणि वांगी तळाला, हिरव्या मिरच्या वेगळ्या कागदात, पालेभाजी सगळ्यात वर. पालेभाजी जुडीवरच मोजतात. धुऊन आणलेल्या जुडीत पाणी किती आणि पाला किती, यावरून वाद नको म्हणून. वांगी मोठी असली तर कुणाच्या वाट्याला एक कमी येतं. मग काटा सगळ्यांसमोर दाखवावा लागतो.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायची आणि सभासदांनीच वाटून घ्यायची रीत रुजवली. पण साखर, डाळ आठ दिवस थांबते. पालक थांबत नाही. 2016 साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आवाराबाहेरच्या थेट विक्रीची वाट सोपी झाली. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतल्या सोसायट्यांच्या दारात शेतकरी गटांच्या गाड्या उभ्या राहिल्या, त्याही अशाच मागणीवर.

सगळंच या साच्यात बसत नाही. पावसाळ्यात सातपुड्यातून येणारी काटवलं पिशवीत कधी नसतात. जंगलात किती मिळतील, हे गुरुवारी कोण सांगणार? ती आदिवासी बायांकडून बाजारात वाट्यावरच घ्यावीत.

नव्याने येणाऱ्यांची पहिली कुरकुर ठरलेली: 'पुन्हा गिलकी?' मग कुणी भजी करतं, कुणी शेंगदाण्याचं कूट घालून परततं, कुणी चुलीवर भाजून भरीत करतं. निवडीचा हक्क सोडल्याची ही किंमत असते, आणि भाव त्यामुळेच उतरलेला असतो.

खरी अडचण पैशांच्या वेळेची आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात संध्याकाळी मजुरी हातात आली की पावशेर भाजी येते. स्वस्त पिशवीची ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याकडेच गुरुवारी आगाऊ रक्कम नसते. म्हणून आमच्याकडे अर्धी पिशवी ठेवली आणि पैसे नेताना द्यायची मुभा दिली. कुणी न्यायला आलं नाही तर ती पिशवी बाकीच्यांनी वाटून घ्यायची आणि तिचे पैसेही वाटूनच भरायचे. एवढी तयारी नसेल, तर अशी योजना आठवड्याचा पगार आधीच हिशेबात धरणाऱ्यांपुरतीच उरते.